ठेल्यामागचा माणूस

कुसुमबाईंचा आवाज ओळखायला प्रतिमाला अर्धं वाक्यसुद्धा लागलं नाही.

"दोन सालापासून म्हणजो. शुगर निघाली तवापासून. त्याच्या पहिलेचं कायीच बोलू नको, समजलं का?"

नेपियर टाउनमधल्या त्या मूत्रविकारांच्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती. तोंडावर मास्क आणि डोक्यावर निळी टोपी घालून प्रतिमा कपाटात जेलच्या बाटल्या लावत होती. तिच्यापासून दोन हातांवर, बाकावर, तिची एके काळची सासू तिच्या एके काळच्या नवऱ्याला पढवत बसली होती. हळू बोलायची गरज दोघांनाही वाटत नव्हती. जबलपुरातल्या मराठी माणसांची ही जुनी खोड आहे. चारचौघांत हिंदी बोलायची आणि काही लपवायचं असलं की मराठीत शिरायचं, तेही खणखणीत आवाजात. भाजीवाल्यासमोर त्याच्याच भावाची चर्चा, बँकेत साहेबासमोर साहेबाचीच निंदा. कोणाला काय कळतंय! प्रतिमा आणि तिचे बाबाही हेच करायचे. त्यामुळे निळ्या टोपीतल्या या दीदीला आपलं बोलणं कळत असेल, हे कुसुमबाईंच्या स्वप्नातही आलं नाही.

"अन् अंजनीचं काय?" चंद्रशेखरनं विचारलं. अंजनी म्हणजे त्याची दुसरी बायको. तिला खाली चहा आणायला पिटाळलं होतं.

"तिले सांगितलं ना मुतखडा आहे म्हणून, तेच राहू दे. मोहल्ल्यात मी सांगून ठेवलं का तिचाच इलाज चालू आहे. बुद्धपौर्णिमा होऊन जाऊ दे, मग समाजाची बैठक लावू. पहिलीची लावली होती तशीच."

पहिली म्हणजे प्रतिमा.

तिनं हातातली बाटली जागेवर ठेवली, झाकण घट्ट केलं आणि वळून सराईत हिंदीत म्हणाली, "चंद्रशेखर जी, अंदर आइए. डॉक्टर साहब बुला रहे हैं."

तो उठला. तिच्या तोंडाकडे त्यानं पाहिलंही नाही. त्या दवाखान्यात येणारे पुरुष कोणाच्याच तोंडाकडे पाहत नसत. फरशीकडे पाहत येत आणि फरशीकडे पाहत जात. पोट सुटलं होतं त्याचं, केस विरळ झाले होते. चाल मात्र तीच होती, खांदे पाडून, कोणीतरी पुढे ओढून नेत असल्यासारखी.

लग्न झालं तेव्हा प्रतिमा बावीस वर्षांची होती. चंद्रशेखर सरकारी कारखान्यात कारकून, घमापुरात स्वतःचं घर, निर्व्यसनी मुलगा. स्थळ म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रात्री त्याला जमलं नाही. दुसऱ्या रात्री जमलं नाही. महिन्याभरानं त्यानं प्रयत्न करणंही सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आईला सांगू नको." प्रतिमानं नाही सांगितलं. उलट तिला त्याची दया आली. दुखणंच आहे, आज ना उद्या बरं होईल, आपण झाकायचं, असं तिला वाटलं. चार वर्षं तिनं झाकलं. त्या चार वर्षांत कुसुमबाईंनी तिला कडू पुड्या खाऊ घातल्या, नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं, नको नको त्या तपासण्या करवल्या. तपासण्यांत काही निघालं नाही तर म्हणाल्या, "मशिनीले काय समजते!" तो सगळं पाहत होता. तोंडातून चकार शब्द काढत नव्हता.

मग एका रविवारी घमापूरच्या विहारात समाजाची बैठक बसली. टिकारामजी सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी चंद्रशेखरला सरळ विचारलं, "बाबू, तुझ्यात तर कायी कमी नाही ना?"

चंद्रशेखरनं वर पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही."

बायकांच्या रांगेत बसलेल्या प्रतिमाच्या अंगाची लाही लाही झाली. पण समोर बाबा बसलेले, समाजातले सगळे म्हातारे बसलेले. पलंगावरची गोष्ट त्यांच्यापुढे मांडायची कशी? ती मूग गिळून बसली, आणि बैठक सोडचिठ्ठी ठरवून उठली.

नवऱ्यानं सोडलेल्या मुलीचं आंदण दिवसाढवळ्या परत करायचं, अशी त्यांच्या लोकांतली चाल होती. भांडी, पलंग, कपाट सगळं ठेल्यावर, म्हणजे हातगाडीवर, लादायचं आणि ठेल्यामागे माहेरच्या माणसानं चालायचं, वाटेत काही पडू नये म्हणून. सासरच्यांनी चमचाही ठेवून घेतला नाही, हे साऱ्या जगानं पाहावं. चाल चांगल्यासाठीच पडली असेल. पण जगानं पाहिले ते देवीदास रामटेके, प्रतिमाचे बाबा. रेल्वेतून निवृत्त झालेला, विहार बांधताना स्वतःच्या डोक्यावर विटा वाहिलेला माणूस. घमापूरपासून चेरीतालपर्यंत भर उन्हात मान खाली घालून तो त्या ठेल्यामागे चालला. दारादारांत माणसं उभी होती. कोणी हसलं नाही, कोणी बोललंही नाही. सगळे नुसते पाहत राहिले.

त्या दिवसापासून बारा वर्षं बाबांनी विहारात पाऊल टाकलं नव्हतं. बुद्धपौर्णिमेला सगळी वस्ती पांढरे कपडे घालून निघायची आणि बाबा घरात मेणबत्ती लावून तिच्यासमोर बसायचे. नवरा गेल्याचं प्रतिमाला फार दुःख नव्हतं; तो कधी नव्हताच. पण ती ठेल्यामागची खाली गेलेली मान तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्या मानेचं उट्टं फेडल्याशिवाय मरायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं. कसं फेडायचं ते मात्र तिला सुचत नव्हतं. ती शिकली, मुतखडे फोडायच्या मोठ्या मशीनवर तिनं अनेक वर्षं काम केलं. मग डॉक्टर पटेरियांनी पुरुषांच्या दुखण्यावरचं हे नवं छोटं मशीन घेतलं तेव्हा तेही तिच्याच हाती दिलं. आणि आता ते उट्टं आपल्या पायांनी चालत, खांदे पाडून, तिच्या दारात आलं होतं.

डॉक्टर पटेरिया मशीन समजावून सांगायचे ते खास जबलपुरी पद्धतीनं. "खमरिया की फैक्टरी में गोला टेस्ट होता है तो आपके घर की खिड़की हिलती है ना? खिड़की को कोई पत्थर तो नहीं मारता. हवा में लहर आती है. बस, ऐसी ही छोटी लहर हम सही जगह पर भेजते हैं." रक्तवाहिन्या थकल्या असतील, शुगरनं किंवा वयानं, तर या लहरींनी त्यांना जाग येते, रक्त पुन्हा नीट वाहू लागतं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण पुष्कळांना येतो. मग त्यांनी चष्मा काढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "कब से है? सच बताइएगा. शादी के शुरू से हो तो कारण दूसरा होता है, जाँच दूसरी, इलाज दूसरा. फिर यह मशीन आपके काम की नहीं. इसमें शरम की कोई बात नहीं, बीमारी है."

"दो साल से, सर."

"पहली शादी भी हुई थी ना? तब?"

"तब मैं एकदम ठीक था, सर. खराबी उसमें थी."

त्याच्या पाठीमागे प्रतिमा जेलची बाटली धरून उभी होती. तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की बाटली त्याच्या टाळक्यावर उलटी करावी. तिला ठाऊक होतं की हा उपचार चुकीचा ठरणार आहे. एक वाक्य बोलली असती तर डॉक्टरांनी कागद बाजूला सारला असता, दुसऱ्या तपासण्या केल्या असत्या, कोण जाणे, तो कदाचित बराही झाला असता. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिनं ते तसंच ठेवलं. एक खरं वाक्य न बोलता त्यानं तिची चार वर्षं मातीत घातली होती आणि बाबांची मान खाली. आता गप्प बसायची पाळी तिची होती.

दर आठवड्याला एक सिटिंग ठरली. पहिल्या दिवशी तो टेबलावर पडला, कमरेपासून वर पडदा ओढला गेला आणि पडद्याच्या अलीकडे प्रतिमा मोजे चढवून बसली. जेल लावलं, मशीनचं मुठीएवढं डोकं टेकवलं, बटण दाबलं. टक्, टक्, टक्. हाताशीच जोर कमी-जास्त करायचं चक्र होतं. तिनं ते एक घर पुढे सरकवलं. पडद्यापलीकडून "स्स" असा आवाज आला.

"दर्द हो रहा है, सर?"

"थोड़ा."

"बर्दाश्त कीजिए."

तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फारच बरं वाटलं. पण लगेच तिच्या ध्यानात आलं की हे पोरकट आहे. थोडं दुखेल, थांबेल, घरी जाऊन विसरेल. शिवाय जोर वाढवला, जेल कमी लावलं, तर उद्या गुण न आल्याचा दोष तिच्यावर येईल आणि तो सुटेल. त्याला सुटायला फट द्यायची नव्हती. तिनं चक्र मागे आणलं. त्या दिवसापासून तिनं त्याच्यावर इतकं मन लावून काम केलं, जितकं कोणत्याही रोग्यावर केलं नव्हतं. जेल भरपूर, जागा अचूक, जोर डॉक्टरांनी सांगितला तेवढाच. उपचारात कुठे म्हणून खोट राहू द्यायची नाही. खोट राहिली तर ती फक्त त्याच्या जिभेवर राहिली पाहिजे.

आठवडे गेले. डॉक्टर विचारत, "कुछ फर्क?" तो म्हणे, "थोड़ा-थोड़ा." बाहेर येऊन आईला मराठीत म्हणे, "कायीच नाही." आणि कुसुमबाई, अंजनीला चहाला पिटाळून, भरल्या खोलीत, प्रतिमाच्या समोर म्हणत, "मग बैठक लवकरच लावून टाकू. तिच्या भावाले निरोप धाडते." प्रतिमा कपाट लावत ऐकत राही आणि मनातल्या मनात म्हणे, लावा. खुशाल लावा.

अंजनीचा तिनं फार विचार केला नव्हता. खरं तर केलाच नव्हता. ती शहपुऱ्याची, बाप नसलेली पोरगी. बाकाच्या टोकाला बसून असायची, हातात पिशवी. मग एका दिवशी आत डॉक्टर चंद्रशेखरला तपासत होते आणि कुसुमबाई खाली औषधं घ्यायला गेल्या होत्या, तेव्हा तीच उठून पाण्याच्या मशीनपाशी प्रतिमाजवळ आली.

"दीदी, इनकी पथरी कब निकलेगी?"

एका रोग्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय बायकोलाही सांगायची नाही, हा दवाखान्याचा नियम. प्रतिमा म्हणाली, "डॉक्टर साहब बताएँगे."

अंजनी तरी तिथून हलली नाही. "दीदी, आप इतनी औरतें देखती हो. मुझमें कुछ खराबी दिखती है क्या? सासूजी पुड़िया देती हैं, पेट जलता है. नागपुर भी ले गई थीं. सब ठीक निकला, फिर भी बोलती हैं कि मेरे में ही है. बोलती हैं, मैं इनको अच्छी नहीं लगती, इसलिए ये..." पुढचं तिनं गिळलं. आणि बोलता बोलता पिशवीतून नवऱ्याचा जेवणाचा डबा काढून बाकावर ठेवला, पाणी भरायला हात मोकळे करण्यासाठी.

उभा स्टीलचा डबा, पितळी कडीचा. त्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव होतं. चि. प्रतिमा देवीदास रामटेके.

लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायला बाबा स्वतः दुकानात बसून राहिले होते. हा डबा ठेल्यावर आला नव्हता. त्या वेळी तो हरवला असेल असं सगळ्यांनी धरलं. हरवला नव्हता, कुसुमबाईंना तो आवडला होता, एवढंच. बाबा त्या ठेल्यामागे मान घालून चालत होते तेव्हा त्यांच्या लेकीच्या डब्यात या घरी भात भरला जात होता.

प्रतिमानं मास्क खाली ओढला. "हा डबा माझा आहे," ती मराठीत म्हणाली.

अंजनीनं डब्यावरचं नाव वाचलं, मग प्रतिमानं एप्रनखालून पुढे ओढलेला बिल्ला वाचला.

"मी दवाखान्याचं कायी सांगून नाही राहिली," प्रतिमा म्हणाली. "ते मला सांगता येत नाही. मी माझ्या चार वर्षांचं सांगते. ते माझं आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही." आणि तिनं सांगितलं. भिंतीकडे वळलेली पाठ, "आईला सांगू नको", कडू पुड्या, नागपूर, पंख्याकडे पाहून म्हटलेलं ते "नाही". अंजनी ऐकताना मध्येच हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"तीच पुडी," ती म्हणाली. "नागपूरचा डॉक्टर पण तोच असल. अन् मी तीन वर्षांपासून स्वतःलाच शिव्या देऊन राहिली, ताई. आरशात पाहून पाहून."

तोपर्यंत प्रतिमाचा राग तिच्या एकटीचा होता. आता तो दोघींचा झाला आणि तिला त्याचं वजन पेलवेनासं झालं. आपण गप्प राहिलो तर तो तोंडघशी पडेल, हे खरं. पण त्याआधी या पोरीचा ठेला निघेल. गप्प बसण्याची किंमत पुन्हा बाईनंच भरायची, हे तिला मान्य नव्हतं.

अंजनी डबा तिच्या हातात देऊ लागली. "घे ताई, तुझा आहे."

"असा नको. बैठकीत दे. सगळ्यांसमोर."

शेवटच्या सिटिंगच्या दिवशी मशीन थांबलं, तिनं जेल पुसून काढलं आणि त्याला कपडे सावरू दिले. मग पडदा सरकवून मास्क काढला.

"ओळखलं का?"

चंद्रशेखर टेबलावर अर्धवट उठलेला होता, तसाच राहिला. इतके आठवडे आपण कोणाच्या हाताखाली पडून होतो आणि बाहेर आईबरोबर कोणासमोर काय काय बोललो, ते सगळं त्याच्या डोळ्यांत एकदम गोळा झालेलं तिला दिसलं. त्या एका क्षणासाठी तिनं अख्खा जन्म थांबावं, इतका तो गोड होता.

"प्रतिमा... तू कोणाला सांगणार नाही, मला माहीत आहे. तू पहिलेपासून समजदार..."

"समजदार!" तिचा आवाज चढला. "चार वर्षं समजदार होती म्हणून बाप ठेल्यामागे चालला माझा. आता ऐक. तुला दुखणं आहे, ते कोणालाही होते. दुखण्याची लाज नाही. पण तू आपलं दुखणं उचलून माझ्या अंगावर टाकलं. आता तिच्या अंगावर टाकून राहिला. डॉक्टरला पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर आज दुसरा इलाज चालू असता तुझा. रविवारी बैठक आहे. टिकारामजी तोच सवाल पुसतील. खरं उत्तर दे."

"आई मरून जाईल."

"माझे बाबा रोज मरून राहिले."

मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याचे डोळे बारीक झाले. "दवाखान्याची गोष्ट बाहेर बोलशील तर नोकरी जाईल तुझी. मी तक्रार करीन."

"कर ना. दवाखान्यातला एक शब्द मी बोलणार नाही. मला जे माहीत आहे ते ह्या टेबलावर नाही समजलं मला. ते घमापूरच्या पलंगावर समजलं."

तिनं पुन्हा मास्क चढवला, दार उघडलं आणि मोठ्यानं पुकारा केला, "अगला पेशंट."

रविवारी विहार गच्च भरला होता. पंखे गरगरत होते, मे महिन्याचा उकाडा त्यांना जुमानत नव्हता. प्रतिमा बायकांच्या रांगेत पुढेच बसली, त्याच जागी. बाबांना तिनं काहीच सांगितलं नव्हतं. चंद्रशेखरनं आईला तिच्याबद्दल काही सांगितलेलं दिसत नव्हतं. तिला पाहून कुसुमबाईंची भुवई उडाली, पण बैठक त्यांनीच लावलेली. आता उठवता येणार नव्हती. त्यांनी अंजनीच्या भावासमोर सगळं मीठमिरची लावून मांडलं. इलाज करून थकलो, दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या, पोरीच्या नशिबातच नाही. "दवाखान्यात तर माझ्यासंगच येत होती," त्या म्हणाल्या, "विचारा कोणालेही."

टिकारामजी आता फार म्हातारे झाले होते. पण प्रश्न त्यांना पाठ होता.

"बाबू, तुझ्यात तर कायी कमी नाही ना?"

चंद्रशेखरनं वर पंख्याकडे पाहिलं. मग त्याची नजर खाली आली आणि प्रतिमावर थांबली. ती उठून उभी राहिली होती.

"टिकारामजी, जय भीम," ती म्हणाली. "मागच्या बारीला ह्याला हाच सवाल पुसला होता. तवा मी चूप बसली. आज मला सांगायचं आहे. लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून सांगते, सगळ्यांनी ऐका. पहिल्या रात्री हा..."

"आहे!" चंद्रशेखर ओरडला. "माझ्यातच आहे. माझ्यातच होती. बस कर, प्रतिमा."

कुसुमबाई "कायीही बरळून राहिला, उन्हानं डोकं फिरलं" असं म्हणू लागल्या, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. अंजनी उठली, पिशवीतून डबा काढला आणि टिकारामजींच्या पुढ्यात ठेवला.

"पहिलीचं सगळं परत केलं म्हणता तुम्ही. मग हा डबा माझ्या सासूच्या घरी कसा? नाव वाचून पाहा. अन् मला नाही राहायचं तिथं. माझा ठेला आजच भरा."

डबा हातोहात फिरला. दुसऱ्याच्या लेकीचं आंदण ठेवून घेणं म्हणजे त्या समाजात चोरीच. नामर्द म्हणून कोणी कुसुमबाईंच्या मुलाला हसलं नाही. डबाचोर म्हणून मात्र बायका तोंडावर पदर धरून कुजबुजू लागल्या.

टिकारामजींनी डबा मांडीवर घेतला. "देवीदासपाशी आम्ही गलत केलं," ते म्हणाले. "डबा आज त्याच्या घरी गेला पायजे. ठेल्यावर सगळ्यात वरती ठेवा." मग अंजनीच्या भावाकडे वळून म्हणाले, "माहेरचा माणूस म्हणून ठेल्यामागं तू चालशील?"

"त्यानं काहून चालायचं?" प्रतिमा म्हणाली. "त्यानं काय केलं? हा चालल." तिनं चंद्रशेखरकडे बोट केलं.

कोणीच नाही म्हटलं नाही.

ठेला दुपारी निघाला. शहपुऱ्याच्या गाड्या सुटतात त्या नाक्याला जायचं तर वाटेत चेरीताल लागतंच. अंजनी आणि भाऊ ऑटोनं पुढे गेले. ठेल्यावर पलंग, कपाट, भांड्यांची पोती आणि सगळ्यांत वर तो डबा. मागे चंद्रशेखर, डोक्यावर ऊन, मान खाली. आणि फूटपाथवरून, सावलीच्या बाजूनं, प्रतिमा. दारं उघडत होती, माणसं बाहेर येत होती, विहारातली बातमी ठेल्याच्या पुढे धावत होती. प्रतिमा प्रत्येक दाराकडे नीट पाहत होती. त्यांनी बाबांना पाहिलं होतं. आता याला पाहावं. तिच्या पायांना थकवा असा जाणवलाच नाही.

चेरीतालच्या गल्लीत बाबा ओट्यावर बसले होते. ठेला पाहून ते उभे राहिले. क्षणभर त्यांना वाटलं असावं की तोच जुना ठेला परत आला आहे. मग त्यांना त्यामागचा माणूस दिसला.

"डबा दे बाबांना," प्रतिमा म्हणाली. "अन् विहारात काय बोलला ते सांग त्यांना."

चंद्रशेखरनं डबा उतरवला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "कमी माझ्यात होती," तो पुटपुटला. ओठ सुकून फुटले होते, शब्द नीट निघत नव्हते. "मामाजी... थोडं पाणी..."

"नाही," प्रतिमा म्हणाली. हा शब्द म्हणायला तिला बारा वर्षं लागली होती. "चाल पुढं. नाक्यावर मिळल."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तिला कळेना. "पाण्याले नाही म्हणत नाहीत आपल्यात," ते म्हणाले. "आपल्याले लोकायनं पाण्याले नाही म्हटलं. आपण कोणाले तसं म्हणायचं नाही."

रागानं तिचे डोळे भरून आले. बाबा तो डबा घेऊन आत गेले, माठातून काठोकाठ भरून बाहेर आले आणि त्यांनी तो चंद्रशेखरच्या हातात ठेवला.

त्यानं डबा उचलला. घमापूरपासून इथपर्यंत त्यानं मान एकदाही वर केली नव्हती. लोकांना त्याची टाळू दिसली होती, तोंड नाही. आता एवढ्या मोठ्या डब्यातून प्यायचं तर मान वर करावीच लागणार होती. त्यानं ती केली. गल्लीतली सगळी दारं भरलेली होती. डब्यावरचं नाव त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि त्याचं तोंड सगळ्यांसमोर. पाणी त्याच्या गळ्यावरून, सदऱ्यावरून ओघळत होतं. तो घोट घोट पीत राहिला, कारण डबा खाली घेतला की माणसांकडे पाहावं लागणार होतं.

बाबा कमरेवर हात ठेवून शांतपणे त्याच्याकडे पाहत उभे होते. "पुरलं का, बाबू?" त्यांनी विचारलं. "का अजून देऊ?"